प्रकाश लहान होत नाही

या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत कृती आहेत. कुठलं हत्यार कसं धरायचं, कुठला रंग कशाने पातळ करायचा, सांधा कशाने बुजवायचा, हे सगळं तिथे पायरीपायरीने येईल. नुसत्या कृती वाचूनही मॉडेल तयार होतं. पण एखादी गोष्ट अशीच का करायची हे कळलं नाही, तर दर नव्या किटला पुन्हा पुस्तक उघडावं लागतं. म्हणून इथे कारणं सांगायची ठरवली आहेत. त्या सगळ्या कारणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: वस्तू लहान करता येते, पण ती ज्या जगात वावरते ते जग लहान करता येत नाही. स्केल मॉडेल आणि डायोरामा यांची जवळजवळ सगळी कला ही तफावत भरून काढण्यात खर्ची पडते.

स्पिटफायर घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या या ब्रिटिश लढाऊ विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३६ फूट १० इंच. १:७२ प्रमाणात ते साडेपंधरा सेंटीमीटर भरतात. समजा किट अचूक आहे, सांधे नीट जुळलेत, आणि रंगही मूळ विमानाला होता तोच, त्याच छटेचा दिला आहे. आता ते टेबलावर ठेवा. खेळणं दिसतं. बनवणाऱ्याची चूक काहीच नसते, तरी खेळणं दिसतं.

कारण वर पाहिलं की सापडतं. तुमच्या खोलीतली चार फुटी ट्यूबलाइट त्या विमानाच्या मापाने पाहिली तर ८६ मीटर लांब होते. विमानतळावर एवढी लांब नळी डोक्यावर पेटवली, तर खालच्या कुठल्याच वस्तूची सावली धड पडणार नाही. सगळीकडे एकसारखा मऊ उजेड पसरेल. खऱ्या विमानावर सूर्य एका बाजूने पडतो. पंखाखाली दाट अंधार असतो, इंजिनाच्या झाकणाच्या फटीत काळी रेघ उमटते, कडांवर लख्ख चमक येते. मॉडेलवर यातलं काहीच आपोआप घडत नाही. फटी आहेत, पण त्यांत अंधार नाही. म्हणून तो अंधार रंगवून भरावा लागतो, आणि चमकही ब्रशने आणावी लागते.

दुसरं कारण आपल्याच चेहऱ्यावर आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. १:७२च्या जगात ते पावणेपाच मीटर होतं. एवढ्या अंतरावरच्या दोन डोळ्यांनी पाहिलं तर कुठलंही खरं विमान लहानच वाटेल, कारण इतकी खोली आपल्याला फक्त हातात धरलेल्या वस्तूत दिसते. मॉडेलकडे एक डोळा मिटून पाहा. ते लगेच मोठं झाल्याचं जाणवेल. फोटोत मॉडेल अधिक खरं वाटतं, त्याचंही हेच कारण. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो.

तिसरं कारण हवा. १:७२चं मॉडेल आपण फूटभर अंतरावरून बघतो, म्हणजे खरं विमान बावीस मीटरांवरून बघण्यासारखं. अंतर वाढत जाईल तसे धूळ, बाष्प आणि विखुरलेला प्रकाश रंगांना फिकट करतात. काळा करडा होतो, हिरवा निळसर होतो. पण आपल्या आणि मॉडेलच्या मध्ये असते फूटभरच हवा. ती उरलेली हवा रंगात मिसळायची. काही अनुभवी लोक १:७२साठी मूळ रंगात सुमारे १५ टक्के आणि १:४८साठी १० टक्के पांढरा घालायला सांगतात. मी टक्केवारीच्या फार मागे लागू नये असं म्हणेन. नवशिक्याला आकडा हवा असतो हे खरं, पण हात बसल्यावर रंग डोळ्यांनी ठरवावा. ज्या खोलीत मॉडेल कायम राहणार, त्या खोलीच्या उजेडात छटा तपासावी. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा मात्र डबीतून थेट कधी लावू नये.

इथे एक मोठा वाद आहे आणि त्यात माझी बाजू ठरलेली आहे. जर्मन रणगाड्यांचा पिवळा नेमका कुठल्या क्रमांकाचा, अमेरिकी विमानाचा राखाडी कुठल्या तक्त्यातला, यावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात. हा अभ्यास मोलाचा आहे. त्यातून कितीतरी जुन्या नोंदी उजेडात आल्या. पण युद्धकाळात रंग रणांगणावर पातळ केले जात, कधी पेट्रोलने, कधी मिळेल त्याने. उन्हाने ते विटत, चिखलाने झाकले जात. क्रमांक हा प्रवासाचा आरंभ आहे. त्यानंतर त्या वाहनाचं काय झालं, हे रंगवायचं असतं.

त्यासाठीच्या युक्त्या पुढे सविस्तर येतील; एक इथे दाखवतो, कारण तिच्यात या छंदाचा स्वभाव दिसतो. रंगाचे पोपडे उडून गंज दिसणारा पत्रा दाखवायचा आहे. आधी पूर्ण भाग गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवायचा आणि वाळू द्यायचा. त्यावर बाजारात मिळणारा साधा हेअरस्प्रे मारायचा. तो वाळला की वर वाहनाचा खरा रंग, ॲक्रिलिक, पातळ थरात. अर्ध्या तासाने ब्रश पाण्यात बुडवून ज्या कडांवर माणसांचे बूट घासतात, जिथे साखळदंड आपटतात, तिथे हलकेच टोचायचं. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो, वरचा रंग त्याच्याबरोबर सुटतो आणि खालचा गंज दिसू लागतो. तो कसा सुटेल हे पूर्णपणे आपल्या हातात नसतं, आणि म्हणूनच ते खरं दिसतं. हाताने रंगवलेला प्रत्येक पोपडा शेवटी एकसारखा होतो. इथे फक्त जागा आपण निवडायची असते. पण ती निवडायची तर गाडीवर चढणारा माणूस पाय कुठे ठेवतो हे ठाऊक असायला हवं.

प्रकाशाखेरीज आणखी बऱ्याच गोष्टी लहान व्हायला नकार देतात. जाडी घ्या. किटच्या प्लॅस्टिकची भिंत मिलिमीटरभर जाड असते. १:७२मध्ये ती ७२ मिलिमीटर झाली. विमानाचा पत्रा खरोखर मिलिमीटरच्या आसपास असतो. विमानाच्या अंगावरची पत्र्यांच्या जोडाची रेघ किटवर ०.२ मिलिमीटर रुंद असली, तर खऱ्या विमानात ती चौदा मिलिमीटरांची भेग होईल. बोट आत जाईल. म्हणून चाकांच्या खोबणीच्या कडा आतून तासून पातळ करायच्या, आणि रेघांत भरायचा रंग काळा न घेता अंगच्या रंगाची गडद छटा घ्यायची. काळ्या रेघांनी चौकटी पाडलेलं विमान प्रदर्शनात लांबून उठून दिसतं, पण जवळ गेल्यावर ते विमान राहत नाही.

वजनाचा प्रश्न मला सगळ्यांत सुंदर वाटतो. लांबी ३५ पट कमी केली की वजन ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पट कमी होतं. छत्तीस टनांचा टी-५५ रणगाडा १:३५ प्रमाणात त्याच पोलादाचा केला तरी ८४० ग्रॅमच भरेल. प्लॅस्टिकचं किट त्याहूनही कितीतरी हलकं. हलकी वस्तू जमिनीवर टेकलेली दिसते, बसलेली दिसत नाही. खऱ्या टी-५५ची साखळीपट्टी स्वतःच्या भाराने झोल खाऊन मोठ्या चाकांच्या माथ्यावर टेकते. किटमधली पट्टी ताठ राहते, म्हणून ती हाताने खाली दाबून चाकांना चिकटवावी लागते. ट्रकचे टायर जमिनीशी किंचित फुगलेले हवेत. मातीत चाकाचा ठसा हवा आणि चाक त्या ठशाच्या आत हवं. उभ्या माणसाचा भार एका पायावर असेल तर कमरेचा तोल तसा हवा. हे सगळं म्हणजे नसलेलं वजन दाखवणं. एखादा डायोरामा का पटत नाही हे कळेनासं झालं, तर सगळ्यांत आधी वस्तू जिथे जमिनीला टेकते ती जागा तपासावी.

पाण्याचंही असंच. पाण्याचा थेंब स्वतःच्या ताणाने ठरावीक आकाराचा राहतो. चार मिलिमीटरांचा थेंब १:३५च्या रस्त्यावर चौदा सेंटीमीटरांचा होतो. म्हणून मॉडेलच्या नदीत खरं पाणी कधी चालत नाही. रेझिन किंवा ॲक्रिलिकचे पातळ थर द्यावे लागतात. जुन्या सिनेमांत लहान जहाजाच्या प्रतिकृती तळ्यात तरंगवत, तेव्हा चित्रीकरण जलद गतीने करून ते संथ दाखवत, नाहीतर लाटा लगबगीने आपटताना दिसत. कापडही ऐकत नाही. रणगाड्यावर टाकायची ताडपत्री खऱ्या कापडाची केली तर ती पुठ्ठ्यागत उभी राहते. टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून टाकला तर घड्या पडतात. वाळूचा मिलिमीटरभर कण १:३५मध्ये साडेतीन सेंटीमीटरांचा खडा आहे. समुद्रकिनाऱ्यासाठी समुद्राची वाळू वापरणारा माणूस नकळत खडकाळ नदीपात्र बनवतो.

या बाबतीत आपल्याकडे जे सहज मिळतं त्याचं मला फार अप्रूप आहे. परदेशी कंपन्या गंज आणि धुळीची पूड छोट्या बाटल्यांत महाग विकतात. पण गेरू वस्त्रगाळ केला की जांभ्या दगडाची धूळ तयार, आणि जुना गंजही तयार. पांढरी रांगोळी ही दगडाचीच भुकटी. ती थोड्या रंगात मिसळली की वाळक्या रस्त्यावरचा फुफाटा होतो. चाळलेली शेतातली काळी माती वाळताना जी भेगाळते ती तशीच ठेवावी. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांची झुडपं छान होतात. मोठ्या झाडाच्या खोडाला वाळलेली मुळं घ्यावीत, कारण मुळांच्या फाट्यांना निसर्गतःच फांद्यांचं प्रमाण असतं. हे सगळं ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात वाळवून घ्यावं, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

ही प्रमाणं आली कुठून, तेही थोडक्यात सांगायला हवं. लष्करी कामासाठी प्रतिकृती करण्याची पद्धत जुनी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी १६६८पासून सीमेवरच्या तटबंद शहरांच्या १:६००च्या प्रतिकृती करायला सुरुवात झाली. लाकूड, कागद, रेशीम, वाळू वापरून केलेल्या त्या प्रतिकृतींचं संग्रहालय आजही पॅरिसच्या अँव्हालीदमध्ये आहे. घरी जोडायच्या प्लॅस्टिक किटची सुरुवात १९३६ साली ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीच्या पेंग्विन मालिकेने झाली आणि तिचं प्रमाण १:७२ होतं, म्हणजे सहा फुटांचा माणूस एक इंचाचा. फूट-इंचांत विचार करणाऱ्या देशाला ते सोयीचं होतं. पुढे एअरफिक्सने हेच प्रमाण घरोघरी नेलं.

१:३५ची गोष्ट वेगळी आहे. जपानमधल्या शिझुओका शहरात तामिया कुटुंबाचा लाकडाचा धंदा होता. त्यातून लाकडी मॉडेलं, आणि १९६० साली यामातो युद्धनौकेचं पहिलं प्लॅस्टिक किट. त्यानंतर पँथर रणगाडा करताना त्यांना आत मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या, म्हणजे मुलांना तो चालवता येईल. त्या आत मावतील एवढा रणगाडा केल्यावर जे प्रमाण निघालं ते साधारण १:३५. किट खपलं, पुढचे रणगाडे त्याच मापाने निघाले, आणि आज जगभर लष्करी वाहनांचं तेच मुख्य प्रमाण आहे. अनेक वर्षं कंपनी चालवणारे शुनसाकू तामिया मापं घ्यायला अमेरिकेतल्या ॲबर्डीनच्या रणगाडा संग्रहालयात गेले होते. पुढे पोर्शे मोटारीचं किट करायचं ठरलं तेव्हा त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली. ती पुन्हा जोडायला पोर्शेच्या माणसांना बोलवावं लागलं. चांगल्या किटच्या मागे ही अशी माणसं असतात. डबा उघडल्यावर घाईने तुकडे तोडायच्या आधी ते जरा न्याहाळावेत, एवढीच माझी विनंती.

मॉडेल आणि डायोरामा यांत मात्र एक पायरी आहे आणि ती मोठी आहे. मॉडेल म्हणजे वस्तू. डायोरामा म्हणजे त्या वस्तूच्या आयुष्यातला एक क्षण, जागेसकट आणि माणसांसकट. तिथे नुसतं मोजमाप पुरत नाही. निवड करावी लागते. या निवडीची किंमत काय असते, हे विल्यम सायबॉर्नच्या गोष्टीतून कळतं.

सायबॉर्न हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी, सर्वेक्षणात तरबेज. १८३० साली त्याच्याकडे वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचं काम आलं. तो रणांगणावर गेला, ला हे सेंत या शेतवाडीत आठ महिने राहिला, आणि त्याने ती सगळी भूमी मोजली: उतार, बांध, कुंपणं, पिकं. मैलाला नऊ फूट हे प्रमाण धरलं. मग त्याने लढाईत हजर असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली: १८ जून १८१५च्या संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर कोण होतं, शेतात कुठलं पीक होतं? उत्तरांचा ढीग आला. मध्येच सरकारने पैसे थांबवले, तरी त्याने कर्ज काढून काम चालू ठेवलं. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ती प्रतिकृती लोकांसमोर आली. आठ मीटरांहून अधिक लांब, सहा मीटर रुंद, आणि तिच्यावर कथलाचे हजारो सैनिक.

अडचण वेगळीच निघाली. सायबॉर्नच्या हिशेबाप्रमाणे त्या वेळेला प्रशियाचं सैन्य रणांगणावर मोठ्या संख्येने पोहोचलं होतं, आणि ते प्रतिकृतीत स्पष्ट दिसत होतं. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटाला हे रुचलं नाही. विजयाचं श्रेय वाटून जात होतं. अखेर सायबॉर्नने प्रशियाचे सुमारे चाळीस हजार सैनिक काढून टाकले. तो १८४९ साली गेला तेव्हा खर्चही भरून निघाला नव्हता. पण त्याने गोळा केलेली पत्रं पुढे त्याच्या मुलाने १८९१ साली प्रसिद्ध केली आणि वॉटर्लूवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती उघडावी लागतात. प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

मला या गोष्टीत एक बारीक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. मैलाला नऊ फूट म्हणजे साधारण १:५८७. या मापाने माणूस तीन मिलिमीटरांचा व्हायला हवा. सायबॉर्नचे सैनिक सेंटीमीटरभर उंच आहेत, म्हणजे तिपटीहून मोठे. जो माणूस बांधांची उंची मोजायला आठ महिने शेतात राहिला, त्याने माणसं मुद्दाम मोठी ठेवली, कारण तीन मिलिमीटरांचा माणूस कुठल्या बाजूचा आहे हे कुणालाच दिसलं नसतं. अचूकपणाचा हट्ट कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, हे त्याने ठरवलं आणि ते योग्यच ठरवलं.

आपल्याकडच्या मुलांना हा निर्णय दर दिवाळीत घ्यावा लागतो. अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात दगड-विटा रचून, वर पोतं टाकून, माती लिंपून किल्ला होतो. उतारावर अळीव पेरतात, चार दिवसांत हिरवळ येते. मावळे कुंभारवाड्यातून येतात. तीन इंचांचा मावळा खऱ्या माणसाच्या मापाने धरला तर प्रमाण १:२२ पडतं. त्या मापाने रायगड करायचा ठरवला, तर त्याच्या महादरवाजाच्या ७५ फुटी बुरुजालाच मीटरभर उंची लागेल. आणि समुद्रसपाटीपासून ८२० मीटरांवरचा गडमाथा त्याच हिशेबाने सदतीस मीटरांवर जाईल, म्हणजे बारा मजली इमारतीएवढा. तेव्हा डोंगर दाबावा लागतो आणि माणसं मोठी ठेवावी लागतात. महाराज मावळ्यांपेक्षा मोठे असतात, सिंहासन दरवाजापेक्षा मोठं असतं, आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. डोळा कुठे जावा हे मुलांनी ठरवलेलं असतं. मला खंत आहे ती वेगळी. इतकी मेहनत घेऊनही बहुतेक किल्ल्यांचा दरवाजा सरळ समोर उघडतो. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांचे दरवाजे दोन बुरुजांच्या आड वळून असत, शत्रूला थेट दिसू नयेत म्हणून. यालाच गोमुखी बांधणी म्हणतात. हे वळण मातीत घालायला दहा मिनिटं पुरतात. ते घातलं की हत्ती दार फोडायला येताना त्याला धाव घ्यायला जागाच का उरत नाही, हे मुलांना सांगावं लागत नाही.

मोठ्यांना मात्र हा छंद आपला वाटत नाही, आणि त्याला तसं काही कारण नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या लोकजीवनाच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आणि देखावे आहेत. ते काचेबाहेरून पाच मिनिटांत बघून पुढे जाऊ नये, एकेका आकृतीचे हात काय करताहेत ते पाहावं. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं. तिथे १:८७च्या गाड्या सिग्नल, पूल आणि वस्त्यांमधून फिरतात. रेल्वेवाल्यांनी एक गोष्ट आपल्या आधी ओळखली: गाडी एकटी सुंदर असली तरी ती स्टेशनात शिरताना पाहण्यात खरी मजा आहे.

अमेरिकेत शेप पेन नावाच्या कलाकाराने हीच दृष्टी प्लॅस्टिक मॉडेलवाल्यांना दिली. १९७०च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत त्याच्या डायोरामांची माहितीपत्रकं येत, आणि १९८० साली त्याचं डायोरामा बनवण्यावरचं पुस्तक निघालं. त्याच्या कामात रणगाडा बऱ्याचदा कोपऱ्यात असतो आणि मध्यभागी माणसं असतात. देखाव्यात काहीतरी आत्ताच घडलेलं असतं किंवा आता घडणार असतं. मला वाटतं, ऐन धुमश्चक्रीचा देखावा नवशिक्याने टाळावा. स्फोट, ज्वाळा, हवेत उडालेला माणूस, या सगळ्यांत काळ गोठलेला आहे हे लगेच उघडं पडतं. उलट थांबलेली माणसं खरोखर थांबलेली असतात. इंजिन दुरुस्त करणारा, पत्र वाचणारा, नकाशावर वाकलेले तिघे. यांच्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी ते खोटे ठरत नाहीत.

आपल्या इतिहासातले असे कितीतरी क्षण अजून कुणाची वाट पाहत आहेत. १६ डिसेंबर १९७१. भारत-पाकिस्तान युद्धातली, शकरगड भागातल्या बसंतर नदीवरची लढाई. पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे सुरुंग पेरलेला पट्टा पूर्ण साफ व्हायच्या आधीच पलीकडे गेले, कारण नदीपलीकडे मिळवलेल्या तळाला मदत हवी होती. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्यांत होते, वय एकवीस. त्यांच्या रणगाड्याचं नाव फामागुस्टा. त्यांनी शेवटपर्यंत रणगाडा सोडला नाही आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सेंच्युरियनचं १:३५चं किट बाजारात आहे. जळता रणगाडा करण्याऐवजी आदल्या रात्रीचा तो सुरुंगपट्टा करता येईल: हाताने सुरुंग शोधणारे इंजिनिअर, खुणेच्या पट्ट्या, आणि मागे अंधारात थांबलेला रणगाडा. किटच्या डब्यात यातलं निम्मंही मिळणार नाही. जवानांचे पोशाख, खुणा, डिसेंबरातली तिथली माती, सगळं छायाचित्रांतून आणि रेजिमेंटच्या इतिहासातून शोधावं लागेल. इथे आल्यावर हा छंद इतिहासाचा अभ्यास होतो, आणि मला तो तिथपर्यंत जावा असं मनापासून वाटतं.

आणि युद्धच हवं असंही नाही. एसटीचा थांबा, मासळीबाजार, इराणी हॉटेल, यांची किटं कुणीच काढत नाही. म्हणूनच ती आपण करायची. रसवंती घ्या. उसाची जाडी साधारण अडीच-तीन सेंटीमीटर. १:३५मध्ये ती मिलिमीटरच्या आत येते. हिराच्या झाडूची बारीक टोकाकडची काडी बरोबर त्या जाडीची मिळते. सहा फुटी ऊस पाच सेंटीमीटरांचा. दर तीन-चार मिलिमीटरांवर फिकट पिवळी पेरं, त्यांच्या शेजारी जांभळट छाया, आणि एका बाजूला पांढुरकी पूड. अशा पंधरा-वीस काड्यांची मोळी चरकाला टेकवून उभी करायची, खाली चिपाडांचा ढीग, बाकड्यावर एक गिऱ्हाईक ग्लास तोंडाला लावलेलं, आणि चरकवाला पुढचा ऊस सरकवतोय. चरकाच्या चाकाला घुंगरू असतात. तेही करावेत, पातळ तांब्याच्या तारेचे. माशी मात्र ०.२ मिलिमीटरांची होईल. ती न करताही तिथे ती आहे असं वाटलं, तर रंग जमला समजा.

सुरुवात करणाऱ्यांसाठी काही सूचना. पहिलं किट स्वस्त आणि कमी तुकड्यांचं घ्या. हात बसेपर्यंत महागड्या किटला हात लावू नका. तुकडे हाताने पिळून तोडू नका, नेहमी कटरने थोडं अंतर राखून कापा आणि उरलेला ठिपका पॉलिश पेपरने घासा. प्लॅस्टिकचं द्रव सिमेंट हा गोंद नाही. ते प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं, म्हणून थेंब कमी आणि धीर जास्त हवा. सिमेंट, थिनर, स्प्रे यांचा वास अंगाला चांगला नाही. खिडकी उघडी, तोंडाला योग्य मास्क, आणि लहान मुलं जवळ असतील तर पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिकच वापरावेत. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये शेवटचा मॅट व्हार्निशचा हात देऊ नये. दमट हवेत त्यावर पांढुरकं सावट येतं आणि महिनाभराचं काम धुरकट होतं. तेवढे दिवस जोडकाम करावं आणि कोरडी हवा पडली की रंगाचं बघावं.

पहिला डायोरामा तळहाताएवढ्या पाटीवर करा. एक वाहन, एक माणूस, एक भिंत एवढंच ठेवा. भिंत विटांची असेल तर आधी घरातली किंवा गल्लीतली एक खरी वीट फूटपट्टीने मोजा, लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरांत लिहा आणि प्रत्येकीला ३५ने भागा. हे तीन आकडे या पानाच्या समासात लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकरणात विटा पाडायला घेऊ तेव्हा तेच लागणार आहेत.